मोजपट्टीबाईचं कार्ड

चर्चची सगळी मंडळी तिला मोजपट्टीबाई म्हणायची. शिवणकाम करायची म्हणून नव्हे, समोरच्याला नुसत्या नजरेनं मापायची म्हणून. उपासनेला कोण उशिरा आलं, स्तोत्र म्हणताना कुणाचे ओठ नुसतेच हलतात, सगळं हिला तोंडपाठ. अशा बाईवर कधी घाबरायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःला तर नाहीच. पण त्या शनिवारी दुपारी मशीनवर बसून तिनं एकच बाही तीनदा उसवली.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीचे पंच घरोघर यायचे आणि विचारायचे, "मनाला काही बोचतंय का?" नाही म्हटलं की निळं कार्ड हातात. ज्याच्याकडे कार्ड, त्यालाच दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला. इतकी वर्षं प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात पुढे असायचा.

आठ महिन्यांपूर्वी हिनंच पंचांच्या कानावर घातलं होतं, की समोर राहणाऱ्या पियानोबाईंचा नवरा जाऊन वर्ष झालं नाही तोच दर बुधवारी त्यांच्याकडे कुणी परका पुरुष येतो आणि दार आतून लावलेलं असतं. पंचांनी पियानोबाईंना बोलावून विचारलं, कोण तो? "सांगणार नाही. मी शब्द दिलाय," एवढंच त्या म्हणाल्या. झालं. मंडळीची शिस्त म्हणून शिक्षा लागली. वर्षभर शेवटचा बाक, कार्ड बंद, उपासनेत पियानोला हात लावायचा नाही.

आणि या सोमवारी तोच माणूस पँटची उंची कमी करून घ्यायला हिच्याकडे आला. पन्नाशीचा, कारखान्यातला मुकादम. भिंतीवरची पाटी त्यानं बोट ठेवून, अडखळत वाचली आणि खुशीत हसला. "वाचता येत नव्हतं हो मला. हाताखालच्या लोकांना कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. समोरच्या बाईंनी शिकवलं, कुणाला कळू न देता." मोजपट्टीबाईनं त्याची पँट न मापताच बाजूला ठेवली. ती शनिवारपर्यंत तिथंच पडून होती.

बेल वाजली. पंच आले. निवृत्त पोस्टमास्तर, मऊ आवाजाचे. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी तिनं हात पुढे केला नाही; ती सगळं बोलली.

पोस्टमास्तर उठून दार लावून आले. "हे आम्हाला दोन महिन्यांपूर्वीच कळलंय."

"मग?"

"मग काय, ताई? सगळ्या मंडळीसमोर दिलेला निर्णय. तो फिरवला तर उद्या आमचं कोण ऐकणार? चारच महिने राहिलेत, आपोआप मिटेल. आणि तुम्ही तोंड उघडलंत, तर त्या बाकावर आणखी कुणाला बसवायचं, तेही बघावं लागेल."

हे ते इतक्या मायेनं म्हणाले की तिला दरदरून घाम फुटला. कार्ड मशीनवर ठेवून ते निघून गेले.

रविवारी ती आपली तिसरी रांग सोडून थेट मागे गेली. पियानोबाईंनी सरकून जागा दिली.

"तुम्हालासुद्धा इथं बसवलं? अहो, तुम्ही काय केलंत?" त्यांनी काळजीनं विचारलं.

पळून जावं असं वाटलं. दार दोन पावलांवर होतं.

"बुधवारचं मीच सांगितलं होतं पंचांना," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नव्हतं. मुकादमांनी सांगितलं मला."

पियानोबाईंनी पुढच्या भरलेल्या बाकांकडे पाहिलं. पुढे भाकर मोडायची तयारी चालली होती.

"माझं चुकलं नव्हतं हे मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ते. त्यांना सांगा."

मोजपट्टीबाई पुढच्या बाकाची कड धरून उभी राहिली. पोस्टमास्तरांनी वळून पाहिलं आणि नको अशी मान हलवली.

"मला मंडळीला काही सांगायचंय," ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग तिनं ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.