कंगवाबंदीवाल्या काकू

काकूंनी पहिल्याच दिवशी माझा कंगवा अडवला. हिसकावला नाही, नुसता त्याच्यावर आपला तळवा ठेवला. नंदनवनहून सीताबर्डीला जाणारी सकाळची सिटीबस होती, आणि मी निम्मे केस मोकळे, निम्मे चिमट्यात अशा अवतारात खिडकीशी बसले होते. "घरी आरसा नाही का जी?" त्यांनी विचारलं. मी तोऱ्यात म्हटलं, आरसा आहे, वेळ नाही.

ते साफ खोटं होतं. वेळ माझ्याकडे पोत्याने होता. आई गेल्यावर वर्ध्याचं घर बंद केलं, बदली नागपूरला झाली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नंदनवनात एका घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. पाच वाजल्यापासून जागी असायचे. पण रिकाम्या खोलीत आरशासमोर उभं राहून वेणी घालायचा मला मनापासून कंटाळा होता. बसमध्ये निदान आजूबाजूला माणसं असायची, कोणी फोनवर भांडत असायचं, तेवढ्यात वेणी होऊन जायची. हे असलं कारण अनोळखी बाईला कुठे सांगत बसणार? मी कंगवा पर्समध्ये टाकला आणि बर्डी येईपर्यंत तोंड फुगवून बसले.

दुसऱ्या दिवशी कळलं की मी काही एकटी गुन्हेगार नव्हते. रोजच्या प्रवाशांत त्यांचं नाव कंगवाबंदीवाल्या काकू असंच होतं, आणि ते कंडक्टरने ठेवलेलं होतं. मी दारूबंदीच्या जिल्ह्यातून आलेली, पण दारूबंदी अशी कडक पाळलेली मी जन्मात पाहिली नव्हती. काकू साठीच्या आसपासच्या, अंगाने किरकोळ, कडक इस्त्रीची सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी. आवाज कधी चढत नसे. त्यांचा कायदा एका वाक्याचा होता आणि तो त्यांनी मलाही ऐकवला, "आपलं काही मांगं ठेवून उतरू नये. ना केस, ना नख, ना वास."

नखांवरून आठवलं. एक गृहस्थ बाजारातून आणलेल्या नव्या नेलकटरचं उद्घाटन बसमध्येच करायला बसले. कट् कट् आवाज व्हायला लागला, एक तुकडा समोरच्या मुलीच्या पाठीवर उडाला. काकू उठल्या, आपला धुतलेला रुमाल उघडला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. "कापा भाऊ, बिनधास्त कापा. पन यातच पाडा, आन् गाठ मारून घरी न्या." गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. तो रुमाल त्यांनी खरंच घरी नेला आणि चार दिवसांनी धुऊन, घडी करून परत आणून दिला. पुढे ते काकूंना रोज नमस्कार घालायचे.

मात्र काकूंना नटण्यामुरडण्याचं वावडं होतं असं कोणी समजू नये. जे मागे काही ठेवत नाही त्याला त्यांची सूट होती. टिकली लावा, लिपस्टिक लावा, साडीच्या निऱ्या नीट करा. एक कॉलेजची पोरगी चालत्या गाडीत काजळ घालायची, तिला त्यांनी फक्त एवढंच शिकवलं की काडी सिग्नल लागल्यावर काढायची. मग चौकात बस थांबली की काकूच तिला खूण करायच्या आणि सिग्नलच्या आकड्यांवर नजर ठेवून बसायच्या. पंधरा उरले की म्हणायच्या, "आटप वं." पोरगी आटपायची. अंगावर स्प्रे मारणाऱ्या एका तरुणाला त्यांनी विचारलं होतं, काहून गा, सगळ्या बसचं लग्न आहे का तुझ्याबरोबर? त्यानंतर तो घरूनच स्प्रे मारून यायला लागला.

काकू बर्डीवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये होत्या. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल यांच्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. साडीच्या कडेवर नुसती नजर टाकून पाच लालांतला नेमका लाल काढून देत. स्वतःचं सगळंही तसंच जागच्या जागी. त्यांची वेणी तर पाहत राहावी अशी होती, पांढरी झालेली पण पाठीवर सरळ, एक बट बाहेर नाही. मी एकदा कौतुक केलं तेव्हा म्हणाल्या, ताईच्या हातची आहे. थोरली बहीण घरी होती, पाय गेलेले, नऊ वर्षं खाटेवर, पण हात शाबूत. रोज सकाळी काकू खाटेला पाठ लावून खाली बसत आणि ताई वेणी घालून देत. रामटेककडच्या त्यांच्या गावात लहानपणी सुरू झालेलं ते तसंच चाललं होतं. "मले सोताची वेनी येतच नाही," असं हसत हसत सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलं, हसले आणि विसरून गेले.

आमची गट्टी कधी जमली ते सांगता येणार नाही. त्या माझ्या आधीच्या स्टॉपवर चढायच्या आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायच्या. मी चढले की पिशवी उचलायची. मग तपासणी. पदराची पिन वाकडी असेल तर सरळ करायच्या, गळ्यापाशी साबणाचा पांढरा डाग राहिला असेल तर पुसायच्या, मान इकडे कर, तिकडे कर. मी वैतागल्याचं नाटक करायचे. खरं सांगते, दिवसभरात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. ऑफिसात फायली हातात देतानासुद्धा लोक टेबलावर ठेवून देतात. एखाद्या दिवशी पिन नीट लागली असली तर मी जिना उतरताना ती मुद्दाम थोडी वाकडी करायचे.

मी मात्र त्यांना कधी घरचं विचारलं नाही. तुमची ताई कशी आहे, एवढंसुद्धा नाही. विचारलं की उलट विचारणा होईल ही धास्ती. तुझ्या घरी कोण आहे, संध्याकाळी काय करतेस, या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनीही कधी विचारलं नाही. फोन नंबरसुद्धा घेतला नाही. रोजच तर भेटत होतो.

आणि मग काकू यायच्या बंद झाल्या. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मी शेजारच्या सीटवर माझी पर्स ठेवायचे आणि पुढच्या स्टॉपवर लोक बोलायला लागले की उचलायचे. कंडक्टरला माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात काळजी वाटली, दुसऱ्यात राग आला. धानाच्या रोवणीला गावी गेल्या असतील, मला सांगायचं त्यांना काय कारण, आपण त्यांच्या कोण? असं स्वतःशी घोकत मी पंधरा दिवस काढले. एकट्या माणसाचा राग फार वाईट असतो, त्याला घरात अडवणारं कोणी नसतं. तो चांगला मुरतो. मॅचिंग सेंटर माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर होतं, पण हट्टाने मी तिकडे फिरकले नाही.

सोळाव्या दिवशी बसमध्ये चढले तर काकू जागेवर. केस मोकळे, पाठभर पसरलेले. साडी चुरगळलेली. मांडीवर डब्याच्या पिशवीऐवजी कंगवा, मुठीत धरलेला. शेजारची सीट रिकामी ठेवलेली होती. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणायच्या बेतात होत्या. पण मी पंधरा दिवस मुरवलेलं आधी बाहेर पडलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बाहेर पडलं. "काहून काकू, कंगवाबंदी उठली का आजपासून?"

बस हसली. नेलकटरवाले गृहस्थ हसले, काजळवाली पोरगी हसली, कंडक्टर सर्वांत मोठ्याने हसला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, माझ्या सोडून. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. कंगवा पर्समध्ये ठेवला. मांडीवर, सीटवर हात फिरवून एखादा केस पडला आहे का ते पाहिलं. नव्हता. मग उठल्या आणि बर्डीच्या कितीतरी आधी, भलत्याच स्टॉपवर उतरल्या. खिडकीतून मला त्या दिसल्या, मोकळे केस एका हाताने मानेशी धरून उभ्या होत्या. मी उतरू शकले असते. उतरले नाही.

त्यानंतर त्या बसमध्ये आल्या नाहीत. चार दिवसांनी मी मॅचिंग सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईने सांगितलं की काकूंची ताई गेली, तेरवी होऊन आठवडा होत आला, आणि काकूंनी नोकरी सोडली. मी पत्ता मागितला. तिने गल्ली सांगितली, खूण सांगितली. ती गल्ली मला ठाऊक होती. माझी भाजी मी तिथूनच आणायचे.

त्याच संध्याकाळी गेले. वाटेत ठरवत होते काय म्हणायचं ते. रोज आठला येईन, वेणी घालून देईन, मग बरोबर बसला जाऊ. नोकरीचं मालकाशी बोलू. तीन-चार वेळा मनात म्हणून पाहिलं, चांगलं वाटत होतं.

दार काकूंनीच उघडलं. केस मानेपर्यंत कापलेले होते. गल्लीच्या तोंडाशी पार्लर आहे, तिथल्या पोरीने धा मिन्टांत कापले म्हणाल्या, आता कोणाचं काम पडत नाही. मी म्हटलं, छान दिसतात. खोलीत खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि दोन बॅगा भरून तयार होत्या. भाचा रामटेकला राहतो, तो रविवारी न्यायला येणार होता. मी पाठ करून आणलेल्यातलं काहीच बोलले नाही. चहा घेतला, ताईंबद्दल विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं, शेवटचा दिवससुद्धा. त्या दिवशी सकाळीही ताईंनी वेणी घातली होती.

निघताना चपला घालता घालता मी कसंबसं म्हटलं, त्या दिवशी बसमध्ये माझं चुकलं.

"नाही वं, कायचं चुकलं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी घरी मले काही केल्या जमून नाही राहिली होती वेनी. म्हनलं, बसमधे आपली पोरगी भेटते. तिले म्हनीन, बर्डीले उतरलो का स्टॉपवर बसून घालून दे. बसमधे थोडीच घालाले लावनार होती मी."

त्या जराही रागावलेल्या नव्हत्या. नीट जाशील, अंधार पडून राहिला, असं म्हणून त्यांनी बाहेरचा दिवा लावला.

त्यांच्या दारापासून माझ्या जिन्यापर्यंत चालत चार मिनिटं लागली. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं नाही. रडायला मी खोलीचं दार लावेपर्यंत थांबले.