गुऱ्हाळावरचं इंग्रजी

महाराजांच्या राज्यात खेड्यापाड्यांतली पोरं कोल्हापूरच्या वसतिगृहांत राहून शिकायला लागली, त्या काळची ही गोष्ट. मी त्यांना इंग्रजी शिकवायचो. शिकवायचो कसलं, घोकून घ्यायचो. पुस्तकातला धडा पोरं धडाधड म्हणत, आणि तुझं गाव कुठलं एवढं इंग्रजीत विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. माझं डोकंच फिरायचं.

एके दिवशी पुस्तक मिटलं आणि सगळा वर्ग पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळावर नेला. मालक आमच्याच एका विद्यार्थ्याचा चुलता होता. पोरांना म्हणालो, ऊस चरकात घालण्यापासून गुळाची ढेप काढेपर्यंत सगळं काम तुम्ही करायचं, आणि शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले की त्यांना ते इंग्रजीत सांगायचं. हेडमास्तर भडकले. साहेबांपुढं पोरं गप्प बसली तर हा वर्ग बंद, पोरांनी गावी जाऊन नांगर धरावा, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. मग मीही हट्टाला पेटलो. आम्ही गुऱ्हाळावरच पडीक झालो. रस उकळायच्या मोठ्या काहिलीखालचा जाळ, भेंडीचं पाणी घातलं की रसावर येणारी मळी, दिसेल त्या गोष्टीला पोरं विचारायची, “मास्तर, ह्यालाबी इंग्रजीत नाव हाय व्हय?” निम्मी नावं मलाच येत नव्हती!

साहेब गुऱ्हाळावर आले. पहिल्या पोरानं घोकलेलं वाक्य म्हटलं, दुसरा अर्ध्यातच अडकला. हेडमास्तर माझ्याकडं बघून मान हलवायला लागले.

तेवढ्यात गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं काहील उतरवायची हाक दिली. त्या वेळी वाटेत कुणी उभं राहायचं नसतं, मग तो कुणी का असेना. साहेब नेमके वाटेत. काहिलीला हात लावलेला आमचा एक दांडगा पोरगा कडाडला, “सर, गो बॅक! व्हेरी हॉट! स्टँड देअर!”

साहेब टुणकन मागं सरले. उकळता पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला गेला. हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेब मात्र त्या पोराजवळ गेले आणि एवढी घाई कशाला, म्हणून विचारलं. मग काय, गडी सुटलाच! जरा उशीर झाला की गूळ करपतो, काळा पडतो, बाजारात कुणी हात लावत नाही. इंग्रजी मोडकंतोडकं, पण स्वतःचं. बाकीची पोरं मध्ये पडून त्याच्या चुका काढायला लागली, त्याही इंग्रजीत. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

निघताना साहेब हेडमास्तरांना इंग्रजीत म्हणाले की हा वर्ग असाच चालू ठेवा. पोरांना ते मराठीत सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर पोरांनीच आनंदानं आरोळी ठोकली होती.