विहीणबाईंसाठी शब्दकोश

मुरुमच्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या लेकीनं फ्रान्समध्ये लग्न केलं. मुलगा तिथलाच. लग्न आम्ही मोबाइलवर पाहिलं. पुढं जानेवारीत तिघं दोन आठवड्यांसाठी मुरुमला यायचं ठरलं: लेक, जावई आणि जावयाची आई. ह्या विहीणबाई दवाखान्यात नर्स होत्या, आता त्याही निवृत्त. इंग्रजी त्यांना शाळेपुरतं आलेलं आणि बरंचसं विसरलेलं.

"आई, मी असेन ना मधे बोलायला," लेक म्हणाली.

"आणि तू नसताना?"

"मोबाइल आहे की!"

मोबाइलचा अनुभव मी घेतला होता. विहीणबाईंना तुमचं स्वागत आहे असं कळवावं, म्हणून इंग्रजीत 'युअर वेलकम' एवढे दोनच शब्द लिहिले आणि भाषांतराचं बटण दाबलं. त्यांना जे पोचलं त्याचा अर्थ होता, 'आभार कशाला मानता, त्यात काय एवढं!' बिचाऱ्यांनी आभार मानलेच नव्हते. लेक पोट धरून हसली. मी मात्र ठरवलं, शब्दकोश आणायचा. फ्रेंच ते इंग्रजी आणि इंग्रजी ते फ्रेंच, दोन्ही एकात.

भाषा न कळण्याचं मला जरा जास्तच लागतं. मी भूमची. लग्न होऊन कर्नाटकाच्या सीमेजवळ, मुरुमला आले तेव्हा सासरी घरात सगळे कानडी बोलायचे. सासूबाई प्रेमानं "ऊटा" म्हणायच्या आणि मी ताडकन उठून उभी राहायचे. ऊटा म्हणजे जेवण, हे कळायला मला आठवडा लागला. तोवर त्यांना वाटत होतं, सून जेवणाचं नाव काढलं की पळते.

एका सकाळी मी आणि यजमान एसटीनं सोलापूरला गेलो. पुस्तकाच्या दुकानातले गृहस्थ जुने, सावकाश बोलणारे. म्हणाले, "बाई, फ्रेंच-मराठी सध्या नाही. फ्रेंच-इंग्रजी तीन आहेत. बसा, निवांत बघा."

तिन्ही समोर मांडले. एक खिशात मावणारा, एक मधला, आणि एक एवढा जाड की उचलायला दोन हात लागावेत. यजमानांनी तिन्ही हातात तोलून पाहिले.

"ह्योच घे. वजनदार हाय."

"कलिंगड घ्यायचंय का?"

मी चष्मा चढवला आणि वर्गात पोरांना घ्यायचे तशी त्या तिघांची परीक्षा घेतली. पहिला शब्द ज्वारी, इंग्रजीत सॉर्घम. आमच्याकडं येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हा शब्द लागणार. खिशातल्या कोशात तो नव्हताच. दुसरा शब्द 'मिस'. इंग्रजीत बसही मिस होते आणि माणूसही. छोट्यानं एकच फ्रेंच शब्द देऊन हात झटकले. मधल्यानं मात्र बससाठी वेगळा शब्द दिला होता, माणसासाठी वेगळा, आणि पुढं पूर्ण वाक्य. त्या वाक्यात कर्ता-कर्म उलटे होते. फ्रेंच माणूस 'मी तुला मिस करतो' म्हणत नाही, 'तू मला उणी पडतेस' म्हणतो. मी ते तीनदा वाचलं. आपल्या बोलण्याच्या किती जवळ!

जाड्या कोशात ह्याहून जास्त वाक्यं होती, पण अक्षर मुंगीएवढं.

"हितं काय लिव्हलंय?" यजमानांनी मधल्या कोशात एका शब्दापुढच्या बारक्या अक्षरावर बोट ठेवलं.

"टेबल स्त्रीलिंगी आहे, असं."

"टेबल बाई हाय व्हय त्यांच्यात?" दुकानदारासकट आम्ही सगळे हसलो. मधला कोश घेतला.

मग दोन महिने रोज सकाळी चहानंतर दहा शब्द. यजमान एकच शब्द शिकले, बाँजूर, म्हणजे नमस्कार. तो ते गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणायचे.

विहीणबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, लाजऱ्या. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडं बघून नुसत्या हसत होतो. पाठ केलेलं एक वाक्य धड ओठांवर येईल तर शपथ. तिसऱ्या दिवशी मुलं तुळजापूरला दर्शनाला गेली. विहीणबाईंचा गुडघा दुखत होता, त्या घरी राहिल्या. अंगणात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो. मधेच त्यांनी शब्दकोशाकडं बोट दाखवलं. हात पुसून पानं चाळली आणि एका शब्दावर नख ठेवून कोश माझ्याकडं फिरवला. भीती.

"बिफोर," त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मी. तुम्हाला... नाही आवडणार." इंग्रजी तुटकं होतं, पण इथं यायच्या आधीची त्यांची धास्ती मला सगळी कळली. माझा मुलगा, मी, आम्ही परके. हे लोक आम्हाला आपलं म्हणतील का?

मला तर वर्षभर हीच भीती होती. मी इंग्रजी बाजूला 'सेम' काढला. खाली छोटं वाक्य होतं: माझंही तसंच. त्याच्यावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघी अशा हसलो की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

मग दुपारभर थांबलोच नाही. त्यांचे यजमान कसे गेले, ते त्यांनी सात-आठ शब्दांत सांगितलं. जावई सहा वर्षांचा असताना शाळा चुकवायला कपाटात लपला आणि तिथंच झोपला. सारी गल्ली त्याला शोधत फिरली. 'कपाट' हा शब्द कोशात शोधायला आम्हाला वेळ लागला, बाकी हातवाऱ्यांनी भागलं. संध्याकाळी मुलं परतल्यावर मी जावयाला विचारलं, "आमच्याकडचं कपाट बघायचंय का?" तो कानापर्यंत लाल झाला.

त्यांना परत जाऊन आता वर्ष होत आलं. दर रविवारी मी विहीणबाईंना फ्रेंचमध्ये चार ओळी पाठवते. त्या माझ्या चुका दुरुस्त करून, कागदावर लाल शाईनं लिहून, त्याचा फोटो धाडतात. जन्मभर लाल शाई मीच वापरली; दुसऱ्याची आपल्या वहीवर उतरली की इतकं बरं वाटतं हे ठाऊक नव्हतं. परवाच्या चार ओळींत दोनच चुका निघाल्या. यजमानांना फोटो दाखवला, तर म्हणाले, "दोन? म्हंजे पास की!"