ओळखीतली एक बाई

हॅरोच्या आत्या भाजी निवडत नसत. ईलिंग रोडच्या दुकानात भेंडीच्या ढिगापुढे उभ्या राहिल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि मला सांगायच्या, "ती घे. ती नको, जून आहे. तिच्या शेजारची." भेंडीचं टोक मोडून न बघणारी मराठी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पैसे दिल्यावर पावती पिशवीत टाकायच्या नाहीत. बसमधून उतरून घराचं दार उघडेपर्यंत ती मुठीत असायची. मी पुण्याहून लंडनला नुकतीच आले होते आणि त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

सख्ख्या आत्या त्या कुणाच्याच नव्हत्या. लग्न होऊन सांगलीहून आल्या, एका लाँड्रीत इस्त्री करत निवृत्त झाल्या. मी आले तेव्हा त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी आजारी पडलं की यांची मुगाची खिचडी त्या घरी पोचलीच म्हणून समजा. पण जबाबदारीचं पद म्हटलं की मागे सरायच्या. मंडळाने गणपतीच्या वर्गणीची पेटी सांभाळायला सांगितली तर म्हणायच्या, "मी आपली मागच्या रांगेतली." माझ्या सिटिझनशिपच्या समारंभाला मात्र पैठणी नेसून आल्या होत्या. तुम्ही का नाही घेतली, असं विचारल्यावर म्हणाल्या, "बघू, काय घाई आहे?" तेव्हा त्यांना या देशात येऊन तीस वर्षं होऊन गेली होती.

मुलगा नितीन इथेच जन्मलेला, बायको आणि छोट्या इराला घेऊन दोन स्टेशनं पलीकडे राहायचा. इराच्या शाळेत आजीआजोबांनी सकाळी येऊन मुलांचं वाचन ऐकावं, अशी एक सोय होती. सुनेने हौसेने आत्यांचं नाव दिलं. फक्त एक डीबीएस चेक करायचा होता. मुलांमध्ये वावरायचं तर पोलिसांकडे जुनं काही आहे का, हे त्यात तपासतात. ते ऐकल्यावर आत्यांचे गुडघे दुखायला लागले. त्याच गुडघ्यांनी त्या रोज पार्कला दोन फेऱ्या मारतात, हे सुनेला ठाऊक होतं. नातीसाठी आठवड्यातला एक तास यांच्याकडे नाही, हे तिच्या मनाला लागलं. रविवारचं जेवायला येणं हळूहळू बंद झालं.

मी तेव्हा वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका कंपनीच्या एचआरमध्ये होते. नव्या माणसांचे हे चेक करणं माझं रोजचंच काम. एका दुपारी आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या ओळखीतली एक बाई आहे. तिचं जरा विचारायचं होतं."

मग त्या बाईची हकिगत आली. बाई तरुण होती, मूल लहान होतं. मोठ्या दुकानातून तिने एक लिपस्टिक आणि अत्तराची बाटली कोटाच्या खिशात घातली. दारात पकडली गेली. पोलीस आले, कोर्ट झालं, दंड झाला. मी म्हटलं, तंगी असेल.

"नाही गं. पर्समध्ये पैसे होते. तेच तर." त्यांनी जुड्या बाजूला सारल्या. "तिचा नवरा कोर्टात मागे बसला होता. घरी आल्यावर एक शब्द बोलला नाही. मरेपर्यंत बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं तिला."

त्या कुणाबद्दल बोलताहेत हे मला केव्हाच कळलं होतं, पण मीही त्या बाईबद्दलच बोलत राहिले. सांगितलं की प्रौढ वयातला गुन्हा, तुरुंगवास झालेला नाही, गंभीर गुन्ह्यांच्या यादीत तो नाही, आणि अकरा वर्षं उलटून गेलेली. असा गुन्हा त्या चेकच्या कागदावर येत नाही. शाळेने विचारलं तरी तिला 'नाही' म्हणता येतं. कायदाच तशी मुभा देतो.

"म्हणजे पुसून टाकतात?"

"पुसत नाहीत. पोलिसांकडे राहतं. फक्त दाखवत नाहीत."

"आहे, पण दाखवत नाहीत," आत्या म्हणाल्या. "मग त्या बाईचं इतकी वर्षं दुसरं काय चाललंय?"

दोन आठवड्यांनी त्यांनीच मला अर्ज भरायला बसवलं. कागद कोरा आला. त्यांनी तो उलटून मागची बाजूही पाहिली. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या.

पण शाळेत पहिल्या दिवशी जाऊन त्यांनी मुख्याध्यापिकेला सगळं सांगून टाकलं. त्या घरी येऊन हे बोलल्या तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, गरज काय होती?

"मुलं विश्वासाने मांडीजवळ येऊन बसणार, आणि मी गप्प राहू?" आत्या म्हणाल्या. "मी चोरी केली होती, असं म्हटलं. इंग्रजीत सोपं गेलं." बाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि गुरुवारीही याल का, एवढंच विचारलं.

नितीनला मात्र सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. "शाळेतल्या बाई परक्या. पोटच्या पोरापुढे कुठल्या तोंडाने सांगू?"

सून निवळली, रविवारची जेवणं पुन्हा सुरू झाली. आत्या शाळेत चार वर्षं गेल्या. वर्गातल्या पोलिश, सोमाली, तमिळ मुलांची नावं त्या घरी घोकून जायच्या, कुणाचं चुकू नये म्हणून. शेवटच्या आजारात भेटायला गेले की नितीन खोलीबाहेर जाण्याची वाट बघायच्या आणि माझा हात धरून हळूच विचारायच्या, त्याला काही कळलं नाही ना?

क्रेमेटोरियममध्ये मुख्याध्यापिका आल्या होत्या. माझ्या शेजारी मागे बसल्या. नितीन बोलायला उभा राहिला. थोडं इंग्रजीत बोलला, मग आईच्या मैत्रिणींसाठी मराठीत. "आईने लाइफमध्ये एक पण चूक केला नाही," तो म्हणाला आणि रडायला लागला. नंतर तेच वाक्य त्याने इंग्रजीत पुन्हा म्हटलं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.