कस म्हणजे कचरा

ऊस तुटून गेला की आमच्या निपाणीकडच्या शेतात घोटा बुडेल एवढा वाळका पाला पडतो, आणि तो पडला की मला बेळगावात चैन पडत नाही. शाळेत तास घेत असते, पण डोकं तिकडं. कारण शेत बघणारा माझा धाकटा भाऊ दरवर्षी त्याला काडी लावतो आणि मोकळा होतो. मला ती काळी राख बघवत नाही. फोनवर आमचं भांडण ठरलेलं.

"पेटवू नको रं."

"मग काय करू आक्का? तू येतीस व्हय गोळा करायला?"



म्हणून यंदा चिकोडीच्या बाजूला पाल्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना उभा राहतोय, त्यांना शेतकरी हवेत, असं कानावर आल्यावर मी हात धुऊन मागंच लागले. त्यांच्या साहेबांना गावच्या देवळात बैठकीला बोलावलं तेही मीच. साहेब बेंगळूरकडचे, मराठीचा गंध नाही. माणूस मात्र गोड. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "निम्म होलद कस नमगे कोडि."

कन्नडात कस म्हणजे कचरा, हे आमच्या लोकांना ठाऊक नाही असं नाही. बाजार, कचेरी, सगळीकडं कन्नडावाचून अडतंच. पण गावच्या देवळात बसून, शेताचं नाव घेऊन कुणी 'कस' मागितला, तर आमचे कान मराठीच ऐकणार. तुमच्या शेताचा कस आम्हाला द्या! भाऊ ताडकन उठला.

"जमिनीचा कस मागतोय ह्यो? आनि वर हात जोडून?"

"अरे खाली बस. कस म्हणजे कचरा, त्यांच्या भाषेत," मी ओरडले. सगळे खो खो हसले. भाऊ तेवढा हसला नाही.

"कचराच हाय, तर एवढ्या लांबनं न्यायला कशाला आलाय?"

मी ते कन्नडात सांगितलं. साहेबांनीही सरळ उत्तर दिलं. गॅस काढून उरेल त्याचं खत होतं, ते शेतकऱ्याला परत द्यायचा विचार आहे. "विचार हाय म्हंजे?" भावानं विचारलं. "म्हणजे वरून मंजुरी यायची आहे," असं मराठीत सांगताना माझीच जीभ अडखळली. कस जाणार हे पक्कं आणि परत येणार हा विचार!

घरी जेवताना भाऊ म्हणाला, "जाळला तर कस जातोय, दिला तरी जातोय. ठेवला तर पाणी पुढं सरकत न्हाय, उंदरं लई होत्यात. तूच सांग आता. तूच आणलंयस हे." असा सगळा भार माझ्यावर टाकून तो भाकरीकडं वळला.

बेळगावला परतले ती नुसती तगमग घेऊन. पगार माझा ठरलेला, पोट त्याचं त्या मातीवर, आणि निर्णय मी घ्यायचा! इकडं खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाणी पाजायची वेळ होत आली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन, पाला गोळा करून गठ्ठे बांधणारं मशीन शेजारच्या गावात आलंय, रविवारी तुमच्याकडं पाठवू का? आणि मला एकदम सुचलं. अर्ध्या शेतातला द्यायचा, अर्ध्यातला ठेवायचा. खोडवा कुठं जोरात येतोय बघायचं. मास्तरणीचं डोकं, दुसरं काय! साहेबांना सांगितलं आणि लगेच भावाला फोन लावला. "माझ्या अर्ध्यातला नेऊ दे, तुझ्या अर्ध्यातला ठेव." तो नुसतं "बरं" म्हणाला. मी खूश.

आमचे वडील, आप्पा, गेल्यापासून शेत आम्हा दोघांच्या नावावर आहे, पण वाटणीचा शब्द आमच्या घरात कधी निघाला नव्हता. मध्ये बांध नाही की दगड नाही.

रविवारी गेले तेव्हा मशीन शेताच्या तोंडाशी उभं होतं. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठनं कुठपर्यंत घ्यायचं?" त्यानं भावाकडं बघितलं. भावानं माझ्याकडं.

"तूच दाव, आक्का. तुझं अर्धं कुठनं लागतंय, मला ठावं न्हाय."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडले तरी असते. "अरे, तसं न्हाय रं म्हणायचं मला. प्रयोग म्हणून म्हणाले मी," असं काहीतरी मी पुटपुटले.

"व्हय की," तो म्हणाला आणि शेतात उतरला. पायानं पाला दोन्हीकडं सारत सारत तो पलीकडच्या टोकापर्यंत गेला. खालची ओली माती सरळ रेषेत उघडी पडत गेली. ड्रायव्हरनं मशीन चालू केलं. भाऊ पलीकडनं वळला आणि परत येताना रेषेच्या त्याच्या बाजूनं चालत आला.