गायरानावरची आमची वस्ती

शहागडच्या फाट्यावर मला पुण्याच्या गाडीत बसवायला अख्खी भिल्ल वस्ती आल्ती. नर्सिंगला जाणारी वस्तीतली पहिलीच पोरगी मी. माझी आतेबहीण सुमनताई तिथंही घोषणा द्यायला लागली, तेव्हा कंडक्टरसुद्धा हसला. बा खिडकीशी येऊन म्हणाला, "शिकून वापस ये. सायबापुढं बोलायला आपलं माणूस पाह्यजे."

तेव्हा बाची संघटना जोरात होती. गायरानावरची आमची घरं आमच्या नावावर करा, म्हणून अंबडला तहसीलवर मोर्चे जायचे. सगळ्यात पुढं सुमनताई असायची.

मंग सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण ज्यांच्या उसात आमची माणसं राबायची, त्या बागायतदारांनी सुमनताईलाच फोडून त्यांच्याकडनं उभं केलं. तिच्या नवऱ्याला ट्रॅक्टरवर कायमचं काम दिलं, तिला गावात घर दिलं. संघटनेनं माझ्या काकूला उभं केलं होतं. तिला आपल्याच पोरांनी पाडलं. बागायतदारांचे झेंडे लावून फिरत होती ही पोरं.

पुढं पंचायतीचा ठराव आला: गायरानावरचं अतिक्रमण काढावं. खाली सरपंच म्हणून सही सुमनताईची. बा तिच्या दारात गेला.

"सुमन, वाचलं होतंस का गं?"

"मामा, बोट दाखवलं तिथं सही केली. न्हाई म्हणले असते तर यांचं काम गेलं असतं."

बा पाणीही न पिता परतला.

जेसीबी आला तेव्हा मी वॉर्डात ड्युटीवर होते. काकूनं व्हिडिओ कॉल लावला. मशीनपुढं म्हातारी माणसंच तेवढी बसली होती. जवान सगळे चाकणच्या कंपन्यांत.

घरं पाडल्यापासून बा पुण्यात माझ्या भाड्याच्या खोलीत असतो. रविवारी चाकणची आपली पोरं जेवायला येतात, आणि बा पुन्हा मोर्चाचं काढतो. मागं एकजण मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "काका, सुट्टी न्हाई भेटत. कॉन्ट्रॅक्टवर हाव आम्ही." बानं भाकरीची टोपली त्याच्याकडं सरकवली. मंग म्हणाला, "जेवा बराबर."

गावाकडं मागं राहिलेली आपली माणसं फोनवर सुमनताईला शिव्या देतात. मला तेवढंही जमत नाही. इथं कुणी गाव विचारलं, की मी अंबड सांगते. त्यापुढं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी दाखवायला तिथं आता फक्त तारेचं कुंपण आहे.