आमच्यात सगळ्या दिवस भरूनच

पोटात कळा यायला लागल्या तेव्हा मला सातवा नुकताच लागला होता. नवरा मिरजोळ्याला कारखान्यात पाळीवर, म्हणून आई आणि सासूबाई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

"माहेरी कुणाचं बाळंतपण लवकर झालंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "थोडा भाग रक्तातून येतो. एकच एक जनुक दोषी नसतं, बारीकसारीक फरक पुष्कळ असतात. त्यावरून नक्की काही सांगता येत नाही, पण घरात आधी झालं असेल तर मी जास्त सावध राहीन."

"छे हो," आई म्हणाली. "आमच्यात सगळ्या दिवस भरूनच."

आमच्या माहेरच्या रक्ताला दोष कधी लागलाच नाही. मावशीला आठव्यात मुलगा झाला तो एसटीच्या धक्क्यांनी. मावसबहिणीची मुलगी लवकर आली, कारण ग्रहणात विळीला हात लागला. आजीच्या एका बाळंतपणाचं खापर फणसावर फुटलं होतं.

माझ्या जन्माची तर सोयच लावलेली होती, पण ते मला पुढे कळलं. आईचं लग्न फाल्गुनातलं, मी आश्विनातली. बाबा तेव्हा अलोऱ्याच्या कॉलनीत नोकरीला. तिथल्या बायकांनी बोटं मोजली आणि 'सातमाशी' म्हणत एकमेकींकडे बघून हसल्या. हा शब्द आपल्याकडे बहुधा धडधाकट बाळांची अब्रू झाकायला वापरतात. खऱ्या सातमाशीवर विश्वास ठेवणार कोण? पुढे बदली होऊन रत्नागिरीला आल्यावर आईने सामानाबरोबर लग्नाची तारीखही हलवली. दोन महिने मागे नेली असती तर पौष येत होता, आणि पौषात लग्न कोण करतं? म्हणून थेट मार्गशीर्ष. बाबा दर मार्गशीर्षात बिनतक्रार पेढे आणायचे.

"मग गोळ्या देते, घरी पडून राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी जाम घाबरले होते. आम्ही दारापर्यंत आलो. आईने पायात चपला सरकवल्या, तशीच उभी राहिली, मग चपला काढून परत आत गेली. डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली खरी, पण बोलली सासूबाईंकडे बघून.

"विहीणबाई, तुम्हाला काय समजायचं ते समजा. ही सातव्यातच झाली. आणि माझ्या बहिणीचंही आठव्यातच."

सासूबाईंच्या तोंडावर प्रश्न अगदी आला होता. डॉक्टरीणबाईंनी मात्र लग्नाची तारीख विचारलीच नाही. त्यांनी मला पुन्हा नीट तपासलं आणि तिथेच ठेवून घेतलं.

औषधांनी म्हणा, नशिबाने म्हणा, मुलीने आणखी बरेच आठवडे कळ काढली. आली ती थोडी लवकरच, पण ठणठणीत रडत. सासूबाईंनी माझ्या खाटेशेजारी बसून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. "अहो, यांच्या रक्तातच आहे ते!" हा शोध जणू त्यांनीच लावला होता. पलीकडून जो तो एकच विचारत होता: बाळ बरं आहे ना? श्वास नीट घेतंय ना?

आई नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"तुला कापसात गुंडाळून ठेवली होती गो," ती हळूच मला म्हणाली. "सगळ्या महिने मोजून गेल्या. जगेल का, असं एकीनेही विचारलं नाही."